दोन नंबरच्या रिमोटनं अडवलेला नारळ

मी दोन नंबरचा रिमोट बोलतोय. टीव्ही गेमचा. काळा, चपटा, डावीकडं अधिकच्या खुणेचं बटण, उजवीकडं ए आणि बी अशी दोन लाल बटणं, आणि मागं शेपटीसारखी वायर.

आता जे सांगणार आहे ते शंभर टक्के खरं आहे. कानबाईची शपथ.

म्हणजे, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मला डोळे नाहीत. टीव्ही मी आजवर पाहिलेला नाही. जे कळलं ते कानांवरून आणि लोकांच्या अंगठ्यांवरून कळलं. अंगठे थापा मारत नाहीत असं माझं मत आहे, पण ते फक्त मत आहे. शिवाय काही भाग एक नंबरच्या रिमोटनं सांगितलेला आहे, आणि तो पहिल्यापासूनच गर्विष्ठ. तेव्हा तुम्ही नव्वद टक्के खरं धरा. बकरीचा भाग सोडून. बकरीचा भाग पूर्ण खरा आहे.

माझा जन्म कुठला, मला माहीत नाही. पाठीवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं, ते काशिनाथच्या धाकट्या पोरानं पहिल्याच आठवड्यात नखानं खरवडून काढलं. त्यामुळं माझ्याकडं जन्माचा दाखला नाही. सुरतेत असे खूप जण आहेत. कामाला लागलं की कोणी विचारत नाही.

काशिनाथ म्हणजे माझा मालक. मूळचा शिरपूरकडचा, आता कडोदऱ्याच्या एका लूम कारखान्यात मुकादम. राहायला कतारगामात, एका गल्लीत, आणि दोन दारं सोडून पलीकडं त्याचा धाकटा भाऊ दगा. एका दिवाळीत काशिनाथनं स्टेशनसमोरच्या बाजारातून आम्हाला आणलं. एक सेट, दोन रिमोट, एक कॅसेट. "पोरांसाठी आणलंय," असं तो बायकोला, प्रमिलाबाईला, म्हणाला. पोरांच्या हातात एक नंबरचा रिमोट पहिल्यांदा पडला तो होळीनंतर.

कॅसेटवर बॅट घेतलेल्या माणसाचं चित्र होतं आणि लिहिलेलं होतं, नव्व्याण्णव खेळ. लावली तर आत एकच खेळ निघाला. त्यात बॅट नव्हती. डोक्यावर पातेली घातलेले जाडजाड लोक दोन रांगांत वाकून समोरासमोर उभे होते.

"कबड्डी आहे," काशिनाथ म्हणाला.

तेवढ्यात एकानं पायांमधून मागं काहीतरी ढकललं, मागच्यानं ते उचललं आणि लांब भिरकावलं. तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळतं. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारे मगनभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "अरे, आ तो नाळियेर छे!"

झालं. त्या दिवसापासून तो नारळ. खरं नाव काय असेल ते असो, कोणी चौकशी केली नाही.

काशिनाथ दुसऱ्या दिवशी कॅसेट बदलून आणणार होता. पण ती सेटमध्ये ढिली बसायची, चित्र थरथरायचं, म्हणून त्यानं बाजूला आगपेटीचा पुठ्ठा घडी करून ठोकला. चित्र थांबलं. कॅसेटही थांबली, कायमची. पकडीनं ओढली, साबण लावला, मगनभाईंनी गरम चमचा लावून पाहिला. नाही म्हणजे नाहीच निघाली. दुसरी कॅसेट घालायला जागाच उरली नाही. त्यामुळं आमच्या गल्लीत अशी माणसं तयार झाली की ज्यांना टीव्हीवरचं क्रिकेट खेळता येत नव्हतं, पण हा खेळ यायचा. असं जगात दुसरीकडं कुठं घडलं असेल असं वाटत नाही. अमेरिका सोडून.

नियम कोणी सांगितले नाहीत. ते गायत्रीनं शोधून काढले. गायत्री म्हणजे दगाची पोरगी, नववीतली, काका कारखान्यात गेला की येऊन खेळणारी. तिनं गल्लीला समजावलं ते असं: एका बाजूकडं नारळ असतो. त्यांच्यातला एक फेकणारा, बाकीचे पळणारे. पळणाऱ्याच्या हातात नारळ पडला की पुढं सरकायचं, मैदानाच्या टोकाला नेला की गुण. चार वेळात दहा पावलंसुद्धा पुढं गेलं नाही तर नारळ समोरच्यांचा. आणि समोरच्यांनी मधल्यामध्ये हवेतून पकडला, तर तिथल्या तिथं त्यांचा.

सोपं आहे. पण माझ्या नशिबी जे अंगठे आले त्यांना ते कधी जमलं नाही.

कारण एक नंबर घरमालकाचा आणि मी पाहुण्यांचा. माझं बी बटण जन्मापासून घट्ट, म्हणून मी पाहुण्यांचा. पाहुणा यायचा, हात धोतराला पुसायचा, आणि समोरच्या फेकणाऱ्याच्या हातात नारळ आला रे आला की बी, बी, बी, बी! बी दाबलं की माणूस बदलतो. हा घे, तो घे, जो जवळ असेल तो घेऊन सगळे फेकणाऱ्यावर धावायचे. मागं मैदान मोकळं. काशिनाथ निवांतपणे त्यांच्या डोक्यावरून नारळ टाकायचा आणि चहा मागवायचा. माणसांची ही सवय मी फार जवळून पाहिली आहे, म्हणजे दाबून घेतली आहे. नारळ ज्याच्या हातात दिसतो त्याच्या मागं सगळे पळतात. तो पुढं कुठं पडणार आहे तिकडं कोणी बघत नाही.

मी कधीच जिंकलो नव्हतो. एक नंबर मला म्हणायचा, "कबूल कर, मी रिमोट आणि तू नुसती दोरी."

असो. आता दगाच्या अंगठ्याकडं येतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

दगा लूमवर कारागीर होता. मागच्या पावसाळ्यात त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला. हात जातो की राहतो अशी पाळी आली, तेव्हा त्याची बायको मंगलाबाई हिनं नवस बोलला: यांचा हात राहिला तर पुढल्या श्रावणात कानबाई माझ्या घरी बसवीन.

हात राहिला. बोटं राहिली. अंगठाही राहिला, फक्त वाकायचा बंद झाला. सरळ उभा. त्यामुळं दगा कोणाशीही बोलला की समोरच्याला वाटायचं हा आपल्याला ठेंगा दाखवतोय. नवीन शेठशी त्याची पहिली भेट अर्ध्या मिनिटात संपली.

कानबाई म्हणजे खानदेशातली देवी. श्रावणात रविवारी नारळाच्या रूपात बसते. त्याला नथ, डोळे, साडी, सगळं. घरात गव्हाचे रोट होतात, ते फक्त भाऊबंदांनीच खायचे आणि संपवायचेच. सोमवारी वाजतगाजत नदीवर, एक बुडी देऊन परत घरी. नारळ घराण्याचा एकच, पिढ्यांचा. तो गावी असायचा, काशिनाथ-दगाच्या आईकडं, धुरपदाबाईंकडं. दरवर्षी त्या तो मांडीवर घेऊन एसटीनं सुरतेला यायच्या आणि कानबाई काशिनाथकडं बसायची. मंगलाबाई तिथं मागच्या चुलीवर रोट भाजायच्या, नैवेद्याच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत धूर असायचा.

या वर्षी त्यांनी दगाकडून काशिनाथला विचारवलं. काशिनाथ म्हणाला, "मोठ्याच्या घरी बसते. पद्धत आहे."

"दादा, नवस आहे तिचा."

"मग माझ्या घरी फेड की. कोण नको म्हणतं? अन् अंगठा खाली कर."

"होत नाही खाली."

त्यानंतर दोघं भाऊ बोलेनात. एका नळावर बादल्या भरायचे आणि एकमेकांकडं पाठ.

शुक्रवारी सकाळी धुरपदाबाई आल्या. मांडीवर लाल फडक्यात नारळ. भांडण ऐकलं, दोन्ही पोरांना समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "उद्या सांजलोक ठरवा. नाहीतर मी नारय घीसन पहिल्या गाडीनं गावले चालनू. मग कोनाच घर नको." म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत ठरलं नाही तर नारळ घेऊन त्या गावी परत.

मंगलाबाई आतल्या दारामागं उभ्या होत्या. हे मला गायत्रीनं सांगितलं, की आईनं दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की कडीचा वळ हातावर उठला. नवस बोलून वर्ष होत आलं होतं. फेडला नाही तर त्या सरळ उभ्या अंगठ्याचं उद्या काय होईल या काळजीनं तिला झोप नव्हती.

काशिनाथला यावर काही सुचेना. माणसाला काही सुचलं नाही की तो काय करतो? टीव्ही लावतो. त्यानं सेट सुरू केला, एक नंबर हातात घेतला. धुरपदाबाई पडद्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज एकदम बदलला.

"हाई काय शे? नारय कसाले फेकी ऱ्हायनात रे?"

"खेळ आहे, आई. दोन बाजू आहेत. नारळासाठी भांडतात."

डोक्यावर पातेली घातलेली दोन घराणी नारळासाठी एकमेकांच्या अंगावर पडतायत, हे म्हातारीला अजिबात नवीन वाटलं नाही. तिनं निकाल दिला.

"याच खेळमा ठरवा. उद्या दुपारले. शेवट जेना हातमा नारय, तेना घर कानबाई."

म्हणजे खेळ संपताना नारळ ज्याच्या हातात, त्याच्या घरी देवी. काशिनाथनं लगेच मान डोलावली. त्याला गल्लीत कोणी हरवलेलं नव्हतं. एवढ्या झटकन त्यानं आयुष्यात दुसरी कुठली गोष्ट कबूल केली असेल तर मला माहीत नाही.

दगानं मला उचललं. बिचारा. त्यानं अंगठा माझ्यावर ठेवला, पण अंगठा छताकडं बघत उभा. तळहातानं बटण दाबायला गेला तर ए आणि बी दोन्ही एकदम दबले आणि त्याचा माणूस स्वतःच्याच माणसावर जाऊन पडला.

तेव्हा आतल्या दारामागून मंगलाबाईंचा आवाज आला, मी खेळेन म्हणून. "गायत्री, आजीले सांग. मी खेयसु."

काशिनाथ इतका हसला की एक नंबर त्याच्या हातातून पडला. मला बरं वाटलं.

त्या दिवशी दुपारी आणि शनिवारी सकाळी काशिनाथ कामावर होता. प्रमिलाबाईंनी सेट स्वतः लावून दिला. "शिक बाई," त्या जावेला म्हणाल्या, "तू जिंकलीस तर हा माणूस तोंड लपवून बसेल, मला रविवारी टीव्ही तरी बघायला मिळेल."

मंगलाबाईंचा अंगठा मला लगेच आवडला. तव्याची ऊब, पिठाचा वास, आणि जोर असा की माझं जन्माचं घट्ट बी बटण, कुरकुरत का होईना, पहिल्या दाबात खाली गेलं. डोकं मात्र पाहुण्यांचंच. नारळ दिसला की बी, बी, बी.

"आई, फेकणाऱ्याच्या मागं पळू नको!"

"मग कोणाच्या मागं पळू?"

"कोणाच्याच नाही. सगळ्यात मागचा माणूस घे आणि मधोमध उभी राहा."

"नुसतं उभं राहून काय करू? मला काय पगार मिळतोय उभं राहायचा?"

गायत्री म्हणाली, "गच्चीवर बिबडे वाळत घालतेस तेव्हा काय करतेस?"

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. आणि बकरी म्हणजे मगनभाईंची. ही बकरी अशी होती की तिला जिना चढता यायचा, फडकं उचलता यायचं, आणि तिखट बिबडे ती बाजूला काढून ठेवायची. बाकीच्या बायका बिबड्यांजवळ काठी घेऊन बसायच्या. बकरी दुसऱ्या टोकाकडून खायची. मंगलाबाई तसं करत नसत. त्या लांब, गच्चीच्या कोपऱ्यात, पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. बकरीला वाटायचं, मैदान मोकळं. ती निघाली की तिच्या घंटेच्या आवाजावरून मंगलाबाई उठायच्या, आणि बकरी पोचायच्या आधी त्या तिथं असायच्या. बकरीला अजून कळलेलं नाही की हे कसं होतं.

"म्हणजे हा पळणारा म्हणजे बिबडा," मंगलाबाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"आणि फेकणारा म्हणजे बकरी."

"हो. त्याच्याकडं बघ, पळणाऱ्याकडं नको. नारळ सुटला की जिथं पडणार तिथं पडद्यावर बारीक फुली येते. माणसाकडं जाऊ नको, फुलीकडं जा."

त्यानंतर मला अंगठ्यात फरक जाणवला. तडतड बंद झाली. डाव सुरू व्हायच्या आधी एकदा बी दाबून मागचा माणूस घ्यायचा आणि मग तो शांत. कधी अधिकच्या खुणेच्या बटणावर बारीकसा कल द्यायचा, म्हणजे डावीकडं चाललोय असं दाखवायचं, आणि परत मधोमध. एक पळणारा पुढं गेल्याचं नाटक करून वळला तर त्याच्या मागं जायचं नाही, वळू द्यायचं. कधी प्रत्येकामागं एकेक माणूस लावायचा, कधी माणसं सोडून जागा धरायच्या. गायत्री सांगत होती, अंगठा ऐकत होता.

एकाच गोष्टीवर मायलेकींचं जमेना.

"आई, ए दाबलं की नुसता हात मारून नारळ पाडता येतो. ते सोपं आहे. नारळ हवेत असताना बीनं पकडायला गेलीस आणि चुकलीस तर तुझ्यामागं कोणीच नाही, सरळ गुण."

"नारय खाले पडाले नको."

"अगं तो टीव्हीतला आहे!"

"असू दे. नारळ आहे ना? जमिनीवर आपटायचा नाही."

आणि आपल्याकडं नारळ आल्यावर, पुढं जाता आलं नाही की लाथ मारून लांब उडवायचा, हेही गायत्रीनं शिकवलं. मंगलाबाईंनी मला खालीच ठेवलं. "नारळाला पाय? घराण्याच्या देवीचा निकाल आहे आणि मी लाथ मारू?"

गायत्रीनं कपाळावर हात मारला. आवाज मला ऐकू आला.

शनिवारी दुपारी काशिनाथच्या खोलीत गल्ली मावेना. खिडकीत मगनभाई, त्यांच्या मागं बकरी. धुरपदाबाई खाटेवर, नारळ मांडीवर. काशिनाथ पुढं मांडी घालून. मंगलाबाई हातभर अंतरावर बसल्या, आणि जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बसायचं म्हणून पदर कपाळावरून जो खाली ओढला तो थेट माझ्यावर आला. मी अंधारात.

आता इथं एक गंमत सांगतो. प्रत्येक डावाआधी आपली माणसं कशी उभी करायची ते बटण दाबून निवडावं लागतं. काशिनाथची सगळी हुशारी एवढीच होती की तो त्या वेळी पाहुण्याच्या अंगठ्याकडं बघायचा. दोन वर्षं माझ्यावरच्या अंगठ्यांकडं बघून तो जिंकत आला होता. आज त्यानं मान तिरकी केली, आणखी तिरकी केली. पदर. हिरवा, काठाचा. धाकट्या भावाच्या बायकोच्या पदराखाली वाकून बघायचं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"गायत्री," तो म्हणाला, "तुझ्या आईला म्हणावं, रिमोट बाहेर धर."

"गायत्री," पदरातून आवाज आला, "तुझ्या मोठ्या बाबांना म्हणावं, ऊन लागतं त्याला."

तरी काशिनाथच पुढं गेला. कारण मंगलाबाई प्रत्येक नारळ पकडायला जायच्या आणि थोडक्यात चुकायच्या. आणि स्वतःकडं नारळ आला की छातीशी धरून दोन पावलं चालून खाली बसायच्या. लाथेची वेळ आली की रिमोट सोडून हात जोडायच्या. नारळ परत काशिनाथकडं. सात झाले, चौदा झाले, पुढं बेचाळीस झाले. मंगलाबाई शून्य. प्रत्येक गुणाला काशिनाथ मागं वळून आईकडं बघायचा. आई गुणांकडं बघतच नव्हती. ती नारळाकडं बघत होती.

दगा भिंतीला टेकून उभा. त्याचा अंगठा वर. एक शेजारी म्हणाला, "दगाला अजून आशा आहे बघा." दगा म्हणाला, "नाही हो, हा असाच असतो."

मग शेवटचा डाव आला. घड्याळ संपत आलेलं. नारळ काशिनाथकडं. त्याला फक्त तो धरून खाली बसायचं होतं. वेळ संपली असती, नारळ त्याच्या हातात राहिला असता. मगनभाई खिडकीतून ओरडले, "काशिनाथभाई, हवे बेसी जाव! फेंकता नहीं!"

"कळतं मला," काशिनाथ म्हणाला. आणि खरंच कळत होतं. फेकणाऱ्याच्या हातात नारळ आला, काशिनाथ त्याला बसवणारच होता.

पण पदराखाली अंगठा हलला. सबंध दुपार मधोमध उभा असलेला मागचा माणूस मंगलाबाईंनी डावीकडं नेला. पार कडेला. पाठ करून उभा केला. जसा काही तिकडं तांदूळ निवडतोय.

उजवीकडं काशिनाथचा एक पळणारा टोकाजवळ जाऊन उभा. एकटा. आसपास कोणी नाही.

आता काशिनाथ मुकादम. त्याची नोकरीच अशी की लूमच्या रांगेत एक मशीन जरी रिकामं उभं दिसलं तरी त्याला राहवत नाही. जेवताना उठून चालू करून येतो. लग्नात गेला आणि मांडवातला एक पंखा बंद दिसला तरी खुर्चीवर चढतो. तो रिकामा उभा पळणारा त्याला दिसला.

"फेकू नका हो!" प्रमिलाबाईसुद्धा ओरडल्या. स्वतःच्या टीव्हीचं विसरून.

फेकला.

मी शपथेवर सांगतो, आणि या वेळी शंभर टक्के: नारळ सुटायच्या आधी मंगलाबाईंचा अंगठा उजवीकडं निघाला होता. बकरीची घंटा त्यांनी आधीच ऐकली होती. माणूस वळला, पळाला, पडद्यावर फुली आली तेव्हा तो निम्म्या वाटेवर होता. गायत्री किंचाळली, "ए! आई, ए! पाडून टाक!"

अंगठा बीवर आला.

दुपारभर हे बटण दर वेळी जरासं उशिरा दबत होतं. चूक माझी होती, त्यांची नाही, मी घट्ट आहे. भाकरी थापताना तळहाताचा भार टाकतात तसा त्यांनी भार टाकला. आणि मी, पाहुण्यांचा, दुसऱ्यांचा, दोरी म्हणवला गेलेला, मनात म्हटलं आता नाही तर कधी, आणि खाली गेलो.

नारळ हातात. त्यांच्या माणसानं तो छातीशी धरला आणि आहे तिथं गपकन बसला. शिट्टी वाजली. वेळ संपली.

खेळाच्या मते काशिनाथ जिंकला होता. तुतारी वाजली, बेचाळीस-शून्य असं काहीतरी चमकायला लागलं. काशिनाथनं सवयीनं दोन्ही हात वर केले. खोलीत कोणीच टाळी वाजवली नाही, तेव्हा त्यानं एकेक करून ते खाली घेतले.

धुरपदाबाईंनी विचारलं, "नारय कोना हातमा शे?"

मगनभाई म्हणाले, "बेनना हाथमां छे, बा."

"आई, पण माझे बेचाळीस..."

"बेचाळीस नारय शेतस का? नारय एकच शे." आणि म्हातारीनं मांडीवरचं लाल फडकं उचलून मंगलाबाईंच्या ओटीत ठेवलं.

माझ्यावर दोन थेंब पडले. घाम असेल. मी चौकशी केली नाही.

काशिनाथनं एक नंबर खाली ठेवला. मग पदराकडं न बघता, भिंतीकडं बघून म्हणाला, "गायत्री, तुझ्या आईला विचार. तो टोकाचा माणूस तिनं मोकळा कसा काय सोडला?"

पदर हलला. "गायत्री, त्यांना सांग. मोकळा सोडला नव्हता. वाळत घातला होता."

रविवारी कानबाई दगाच्या घरी बसली. एवढीशी खोली, दारात केळीचे खांब, नारळाला नथ. काशिनाथ येणार नाही असं सगळे म्हणत होते. पण रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, आणि मंगलाबाईंनी मुद्दाम भरपूर केले होते. मोठा भाऊ आला नसता तर दगाला एकट्याला ते आठवडाभर पुरले असते. काशिनाथ आला, तोंड पाडून बसला, आणि खीर, कढी, गंगाफळाची भाजी यांच्यासोबत एवढे रोट खाल्ले की उठताना दगाचा हात मागितला. आरतीत दगानं ताट धरलं. अंगठा ताठ, नेमका काशिनाथच्या तोंडासमोर.

"दगा, अंगठा."

"दादा, होत नाही खाली."

"राहू दे. कानबाईनं वाचवलाय. राहू दे वरच." आणि काशिनाथच आधी हसला. सोमवारी तापीवर जाताना देवी त्यानंच डोक्यावर घेतली.

माझं काय झालं? माझा सन्मान झाला. तिथंच मी संपलो.

धुरपदाबाईंनी मला कानबाईशेजारी पाटावर ठेवलं आणि ज्या बटणानं नारळ पकडला त्यावर हळदकुंकू वाहिलं. सढळ हातानं. वर अक्षता. वर दुधाचे थेंब. सोमवारपर्यंत बी बटणाच्या आत त्याची भिंत तयार झाली. तेव्हापासून ते दबत नाही. आता मी मंगलाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत लाल फडक्यात असतो. श्रावणात बाहेर येतो, पुन्हा हळद, पुन्हा आत. आज तोच दिवस, म्हणून तुम्हाला भेटलो. एक नंबर गेला. खिडकीतून त्याची वायर बकरीनं खाल्ली. बकरीला कोणी सांगितलं होतं असं मी म्हणत नाही. सेटवर प्रमिलाबाई मिसळणाचा डबा ठेवतात, कॅसेट अजून आतच आहे.

देव होणं वाईट नाही. पण देवाला कोणी खेळायला घेत नाही. मला अजून एकदा कोणीतरी हातात घ्यावं, बी, बी, बी करून वेड्यासारखं फेकणाऱ्यामागं पळावं आणि सपाटून हरावं, एवढंच मला पाहिजे. हरायची मला चांगली सवय आहे.

तेव्हा आता ऐकून झालं ना? काढा मग गोष्टीचं मोल. पैसे नकोत, पेटीत पैशांचं काय करू? एक कान साफ करायची कापसाची काडी, आणि झाकणभर रॉकेल. बटणातली हळद निघाली पाहिजे. रोटांकडं बघू नका, ते भाऊबंदांचे. खिसे चाचपल्याचं नाटक नको. आणि गायत्रीनं दार उघडं ठेवलंय, मंगलाबाई तिकडं कोपऱ्यात पाठ करून तांदूळ निवडतायत, तेवढ्यात सटकावं, असं जे तुमच्या मनात आलंय ना, ते तर अजिबात नको.

ते दार मोकळं सोडलेलं नाही. वाळत घातलंय.

काढा काडी.